शब्दशः

मोंतेविदेओच्या दिवाणी कोर्टात एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं.
घटस्फोट, तारेच्या कुंपणावरून भांडणं,
एकदा तर एका पियानोची वाटणी.
मिनिटाला एकशे ऐंशी शब्द, कानामात्रेचा फरक नाही.
साक्षीदाराला हुंदका आला की लिहायचं:
साक्षीदार थांबतो.
बस. हुंदक्याला शॉर्टहँडमध्ये खूण नाही.

मग यंत्र आलं.
निरोपाचा केक आला, त्यावर रोसिनाचं रोसाना झालेलं.
मी हसून सुरी फिरवली.
एवढ्या वर्षांत एकाही पक्षकाराचं नाव माझ्या हातून चुकलं नाही,
हे मात्र कुठेच नोंदलेलं नाही.

रात्रीची बस, उत्तरेकडे.
निलगिरीची झाडं, मग पुन्हा निलगिरीची झाडं.
मी लहान होते तेव्हा इथे नुसती गवताची टेकाडं होती.
फाट्यावर यामान्दू पिकअप घेऊन उभा.
"किती दिवस?"
"बघू."
त्याने दार दोनदा आपटलं, एकदा आपटून ते लागत नाही.
वाटेत एवढंच म्हणाला,
आईच्या खोलीत आता मेंढ्यांच्या औषधांची खोकी आहेत,
पण खाट आहे.

ओलेगारिओ एकाहत्तरचा. पाठ गेलेली.
तीन गावांत घोड्यांना नाल ठोकणारा तो एकटाच.
मी शिकेन म्हटलं तेव्हा
बाजारात जनावराचे दात बघावेत तसे त्याने माझे हात पाहिले,
येर्बाचा कडू काढा पुढे केला.
"त्रेचाळीस?"
"चव्वेचाळीस, ऑगस्टात."
"घोडी असतीस तर घेतली नसती."

पहिले पाच आठवडे हातोडा दिलाच नाही.
फरशीवरून तो घोडी पुढे न्यायचा, मागे आणायचा
आणि मी डोळे मिटून ऐकायचं.
मला दुसरं येत तरी काय होतं?
चार ठोके, चार ठोके, चार ठोके,
बोटं नकळत मांडीवर टिपून घ्यायला लागली.
मागचा उजवा
किंचित, अर्ध्या मात्रेइतका, उशिरा.
मी म्हटलं, साक्षीदार थांबतो.
"काय?"
"मागचा उजवा पाय."
तो कण्हत वाकला, खूर उचलून चिमट्याने दाबला.
आतून काळा पू आला.
त्या दिवशी हातोडा मिळाला.

लगेच सगळं जमलं असं नाही.
जूनमध्ये एक खिळा मी जिवंत मांसात घातला.
घोडीने मला भिंतीवर फेकलं. दोन बरगड्या.
ओलेगारिओने आधी तिला शांत केलं, मग माझ्याकडे पाहिलं.
"तिला सांग, माझं चुकलं."
"तिला काय कळणार?"
"तुला कळेल."
धुळीत बसून मी ते मोठ्याने म्हटलं.
एकोणीस वर्षांच्या हजारो पानांत
माझ्या तोंडचं एकही वाक्य नव्हतं.

पैसे? कधी येतात, कधी चीज येतं,
एकदा जिवंत कोकरू आलं, त्याचं यामान्दूने बारसं केलं,
त्यामुळे आता ते खाता येत नाही.
रात्री अजूनही कधीतरी शहरातल्या वकिलांच्या टेपा उतरवते.
पत्र्याच्या फटीतून वारा,
आणि कानात कुणीतरी म्हणत असतं, या जमिनीवर माझा हक्क आहे.
लेक फोनवर विचारते, कंटाळा येत नाही?
येतो. रविवारी येतो.

जुलैची सकाळ, गवतावर गोठलेलं दहिवर.
माझ्या श्वासाची वाफ आणि घोड्याची
वेगळी करता येत नाही.
खूर मांडीत धरून वाकले की
तो हळूच आपलं वजन माझ्यावर सोडतो.
सगळेच सोडतात, आळशी असतात.
"कोपराने ढकल!" ओलेगारिओ खुर्चीतून ओरडतो,
"टेकू दिलास तर पाठ जाईल, माझ्यासारखी."
ढकलते.
पण लगेच नाही.